दोष बॅटरीचा की जोडणीचा?

मोटारीचे इंजिन चालू होईनासे झाले की खापर बहुधा बॅटरीवर फुटते आणि नवी बॅटरी बसवूनही काही दिवसांत तीच तक्रार पुन्हा उद्भवते; कारण बॅटरी, इंजिनाला पहिली गती देणारी स्टार्टर मोटर आणि चालत्या इंजिनावर वीज निर्माण करणारा अल्टरनेटर हे एकाच मंडलाचे घटक असून एकाचा दोष दुसऱ्याच्या नावावर सहज खपतो.

शिसे-आम्ल बॅटरीतील सहा घटांपैकी प्रत्येक घट सुमारे २.१ व्होल्ट विद्युतदाब देत असल्याने काही तास विसावलेल्या, पूर्ण भारित बॅटरीच्या टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात, तर इंजिन चालू असताना हा आकडा साधारणतः १३.८ ते १४.७ च्या दरम्यान असावा लागतो. तो वर चढलाच नाही, तर संशय अल्टरनेटरवर, त्याच्या पट्ट्यावर किंवा दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरवर घ्यावा.

मात्र स्थिर अवस्थेतील मापन फसवे ठरू शकते. गंजलेल्या टर्मिनलचा रोध, म्हणजे विद्युतधारेला होणारा अडथळा, अवघा ०.०१ ओहम असला, तरी स्टार्टर २०० अँपिअर धारा खेचत असताना त्या एका सांध्यातच २ व्होल्ट खर्ची पडतात. धारा वाहत नसताना मात्र तोच सांधा मल्टिमीटरला निर्दोष दिसतो. म्हणून मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरी इंजिनाच्या धातूवर टेकवून, सेल्फ मारत असतानाच मापन करावे. तेथे ०.२ व्होल्टहून बराच जास्त दाब आढळल्यास अर्थिंगची तार वा तिचे सांधे सदोष समजावेत. ही चाचणी मिनिटभराची आहे, तरीही ती क्वचितच केली जाते.

उभ्या गाडीत उतरणाऱ्या बॅटरीचे कारण निराळे असू शकते. बंद गाडीत घड्याळ, कुलूपयंत्रणा इत्यादींसाठी सुमारे ५० मिलिअँपिअरपर्यंतची धारा वाहणे स्वाभाविक असते. पण चिकटलेल्या रिलेमुळे ती ५०० वर गेली, तर ४५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी चार दिवसांच्या आत रिकामी होते.

इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढण्याची जुनी ‘परीक्षा’ मात्र आता सर्वथा त्याज्य मानावी, कारण भार अचानक तुटल्याने उसळणारा विद्युतदाब गाडीतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रक कायमचे निकामी करू शकतो.