दोन बाटल्या, एक गोड वास

समजा तुमच्यापुढे सेंटच्या दोन बाटल्या ठेवल्या आहेत. दोन्हींवर ‘व्हॅनिला’ असे लिहिले आहे. दोन्हींचा वास गोड आहे आणि पैसे मात्र एकीपुरतेच आहेत. कोणती घ्याल? बहुतेक जण एकदाच हुंगतात आणि जिचा वास जोरात येतो ती उचलतात. इथेच फसगत होते. ती कशी, ते पाहू.

व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोकडील, ऑर्किड कुळातील वेल. तिच्या हिरव्या शेंगांना फारसा वास नसतो. काही महिने उबवून आणि वाळवून त्या तयार केल्या, की त्यांत शेकडा सुमारे २ भाग व्हॅनिलिन आढळते. १८७४ साली टीमान व हारमान या जर्मन रसायनज्ञांनी सूचिपर्णी झाडांतील कोनिफेरिनपासून हाच पदार्थ बनवला. शेंगेतील आणि कारखान्यातील व्हॅनिलिनचा रेणू एकच! शेंगेत मात्र जोडीला इतर अनेक गंधद्रव्ये असतात.

व्हॅनिलिनचा एक भाऊ आहे: एथिल व्हॅनिलिन. त्याच्या रेणूत एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अणू जास्त. एवढ्यानेच वास सुमारे तिप्पट तीव्र होतो. १९२५ सालच्या ‘शालिमार’ या प्रसिद्ध फ्रेंच सेंटमध्ये तो वापरला गेला. म्हणजे वास जोरात आला, म्हणून बाटलीत माल जास्त आहे असे ठरत नाही.

आता घराजवळचे उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यातील पासलीसारख्या सह्याद्रीतील गावांच्या परिसरात अनंतमूळ ऊर्फ उपळसरी ही बारीक वेल आढळते. तिच्या मुळीला व्हॅनिलासारखा गोड वास येतो. त्यातील मुख्य गंधद्रव्य व्हॅनिलिनचे समघटक आहे. दोन्हींच्या रेणूंत कार्बनचे ८, हायड्रोजनचे ८ आणि ऑक्सिजनचे ३ अणू असतात. फक्त गटांच्या जागा वेगळ्या. नाकाला मात्र तेवढा फरकही कळतो. मुळी हुंगायची असेल तर काष्टौषधीच्या दुकानातून आणा. वेल उपटू नका; मूळ गेले की वेल गेली.

करून पाहा: टीपकागदाच्या दोन पट्ट्यांवर दोन्ही सेंटचा एकेक थेंब टाका. कोणती पट्टी कोणती, हे फक्त मित्राला ठाऊक असू द्या. लगेच, पाव तासाने, चार तासांनी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वास घ्या व वहीत नोंदवा. मध्ये थोडे मोकळ्या हवेत जा, कारण सतत हुंगल्याने नाक थकते. आधी अल्कोहोल उडून जाते, मग लिंबू-संत्र्यासारखे हलके वास. व्हॅनिलिनचे बाष्पीभवन मंद, म्हणून ते मागे उरते.

मग बाटली कोणती? जिची पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळीही पुन्हा हुंगावीशी वाटेल, ती!