तारा पेटण्याआधी

मृग नक्षत्रातला तेजोमेघ दाखवून आपण वर्गात सांगतो, ‘इथे तारे जन्मतात.’ पण त्याला उजळवणारे तारे तर केव्हाच जन्मले! त्याआधीची अवस्था वायू आणि धुळीच्या काळ्या ढगांत दडलेली असते. तापमान जेमतेम १५ केल्विन. फळ्यावर २९०० ला या १५ ने भागू. उत्तर सुमारे १९३. तितक्या मायक्रॉन तरंगलांबीवर हे ढग सर्वाधिक प्रारण सोडतात. (सूर्याचे ५८०० घ्या, अर्धा मायक्रॉन येईल, म्हणजे दृश्य प्रकाश.) ढगांचे हे अवरक्त प्रारण हवेतली वाफ शोषून घेते. म्हणून २००९ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने हर्शेल दुर्बीण १५ लाख किलोमीटर दूर पाठवली. २०१३ मध्ये उपकरणे थंड राखणारे हेलियम संपेपर्यंत तिने आकाशगंगेचा सारा पट्टा टिपला. त्यात लाखाहून अधिक थंड गाठी सापडल्या. बहुतेकींत ताऱ्याची खूणही नाही.