आकाश मोजावे की पक्षी?

थंडीच्या दिवसांत पाणथळ जागी कॅमेरा घेऊन उभ्या राहणाऱ्या हौशी मंडळींची संख्या अलीकडे बरीच वाढली आहे. गोव्यातील चोडण बेट असो, वडोदऱ्याजवळील वढवाणा तलाव असो अथवा इंदूरचे सिरपूर तळे असो, पहाटेपासून तेथे उडत्या पक्ष्यांची छायाचित्रे टिपली जातात. परंतु घरी येऊन ती न्याहाळताना पुष्कळांची निराशा होते. आकाश सुरेख उतरलेले असते, पण घार कोळशासारखी काळी आलेली असते. बगळ्याच्या बाबतीत याच्या उलट घडते. पिसांचा मागमूस नसलेला एक पांढरा डाग तेवढा उरतो. मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो व अधिक किमतीच्या भिंगाची स्वप्ने पडू लागतात. वस्तुतः या दोन्ही वैगुण्यांचे मूळ एकच आहे, आणि ते भिंगात नाही.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालतो. चौकटीचा नऊदशांश भाग लख्ख आकाशाने व्यापला असेल, तर ‘उजेड फार झाला’ असा निष्कर्ष काढून तो प्रकाश कमी करतो. त्यामुळे आकाश शांत, निळसर दिसते व आधीच सावलीत असलेले पक्ष्याचे पोट अंधारात बुडते. तोच बगळा गर्द झाडीसमोरून जाऊ लागला की प्रकाशमापकाला दृश्य काळोखे वाटते. तो प्रकाश वाढवतो आणि शुभ्र पिसे करपून जातात. हल्लीचे कॅमेरे पक्ष्याचा डोळा ओळखून त्यावर फोकस धरतात हे खरे; तथापि प्रकाशाची मोजणी बहुधा चौकटीच्या मोठ्या भागावरूनच होत असते.

हा प्रश्न आजचा नाही. १८८२ साली एतियेन-ज्यूल मारे या फ्रेंच शास्त्रज्ञाने बंदुकीच्या आकाराचा एक कॅमेरा तयार केला. तो सेकंदाला बारा चित्रे घेई व प्रत्येक चित्राला सेकंदाचा सुमारे ७२० वा भाग पुरे होई. त्या चित्रांत उजळ आकाशापुढे पक्ष्यांच्या काळ्या आकृती उमटल्या. पंखांची हालचाल कळली, पण पिसांचा तपशील मिळाला नाही. पुढे मारे यांनी काळ्या पार्श्वभूमीपुढून पांढरे पक्षी उडवून चित्रे घेतली. शास्त्रज्ञाला पार्श्वभूमी बदलता येते. तळ्याकाठच्या छायाचित्रकाराला ती सोय नसते. त्याने मापच बदलले पाहिजे.

येथे एक साधी गोष्ट ध्यानी घ्यावी. पक्षी आकाशासमोरून झाडीसमोर आणि झाडीसमोरून पाण्यावर आला, तरी त्याच्या अंगावर पडणारे ऊन तेच असते. बदलते ती पार्श्वभूमी. म्हणून ऊन स्थिर असताना शटर, छिद्र व आयएसओ ही तिन्ही मापे हाताने ठरवून कायम ठेवावीत हे उत्तम. त्यासाठी त्याच उन्हातील हिरव्या गवतावरून माप घ्यावे. ते मध्यम छटेच्या जवळचे असते. सकाळच्या कोवळ्या उन्हात आयएसओ ८००, छिद्र एफ ५.६ आणि शटर सेकंदाचा १६०० वा भाग, ही मापे आरंभाला ठीक पडतात. ऊन चढू लागले की शटर अधिक जलद करावे. संथपणे तरंगणाऱ्या घारीला सेकंदाचा १००० वा भाग पुरतो. बुडी मारणाऱ्या खंड्यासाठी ३२०० वा भागही कधी अपुरा पडतो.

पक्ष्याच्या रंगाचा विचारही ओघानेच येतो. बगळ्यासाठी प्रकाश अर्ध्या ते एका स्टॉपने कमी करावा, पाणकावळ्यासाठी तेवढाच वाढवावा. एक स्टॉप कमी करणे म्हणजे प्रकाश निम्मा करणे, वाढवणे म्हणजे दुप्पट करणे. ऊन ढगांमुळे सतत बदलत असेल व कॅमेरा स्वयंचलित मापावर ठेवणे भाग असेल, तर पांढुरक्या आकाशासमोर एक ते दोन स्टॉप वाढवून घ्यावेत. अशा वेळी आकाश फिकट झाले तरी चालेल. पहिली दोनचार चित्रे टिपताच पडद्यावरील आलेख पाहावा. सावलीतील तपशील रॉ स्वरूपाच्या चित्रातून पुष्कळसा परत मिळवता येतो. जळून गेलेले पांढरे पीस मात्र कोणत्याही उपायाने परत येत नाही.

हे सारे झाले तरी मापाहून उभे राहण्याची जागा अधिक मोलाची. दुपारी सूर्य माथ्यावर असताना पंखांची वरची बाजू उजळते व पोट काळोखात राहते. सूर्योदयानंतरच्या आणि सूर्यास्तापूर्वीच्या दोन तासांत तिरपे किरण पंखांखाली शिरतात. म्हणून सूर्य पाठीशी घ्यावा. त्यातही वारा पाठीशी असेल तर दुधात साखर, कारण पक्षी उडताना व उतरताना बहुधा वाऱ्याकडे तोंड करतो. गोव्याच्या किनाऱ्यावर हिवाळ्यातील सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, आणि सूर्यही पूर्वेलाच असतो. अशा वेळी पूर्वेकडे पाठ करून उभे राहणाऱ्याकडे कुरव पक्षी समोरून, उजळलेल्या छातीने येतात. संध्याकाळी खारे वारे सुटतात व सूर्य पश्चिमेला जातो. तेव्हा समुद्राकडे पाठ करावी. ओली वाळू आणि पाणी यांवरून परतणारा उजेडही पंखांची खालची बाजू उजळतो.

एवढा खटाटोप केवळ चित्र देखणे व्हावे यासाठी नव्हे. शिकारी पक्ष्यांची ओळख पुष्कळदा पंखांखालच्या खुणांवरून पटते. घारीच्या पंखाखालील फिकट ठिपका काळ्या आकृतीत दिसत नाही. ई-बर्डसारख्या नोंदवहीत कोणी दुर्मिळ पक्ष्याची नोंद केली की तिचा पुरावा विचारला जातो. तेथे काळा डाग काय सांगणार? प्रकाश साधलेले एक चित्र त्या तळ्यावर कोण आले होते याची साक्ष ठरते.

आणि म्हणूनच, पक्षी उडावेत म्हणून खडा मारणारा किंवा टाळ्या वाजवणारा मनुष्य आपलाच हेतू बुडवतो. हिमालय ओलांडून वढवाणा तलावावर उतरलेल्या पट्टकादंब हंसांना पोट भरून परतीचे बळ साठवायचे असते; प्रत्येक अकारण उड्डाणात त्यातील काही खर्ची पडते. शिवाय घाबरून उठलेला थवा माणसाला पाठ दाखवून जातो. त्याचे चित्र तरी काय येणार? सूर्य व वारा पाठीशी घेऊन, मापे लावून स्वस्थ उभे राहावे. पक्षी आपल्या वेळी उडतो, आणि तेव्हा उजेड त्याच्या अंगावर असतो.