तिसऱ्या उन्हाळ्याचा खर्च

महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत विश्वस्त संस्थांचे हिशेब एका ठरलेल्या नमुन्यात असतात. परिशिष्ट ८ म्हणजे ताळेबंद, परिशिष्ट ९ म्हणजे उत्पन्न-खर्च पत्रक. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यापासून हे चालत आले आहे. संस्थेच्या उद्दिष्टांवर झालेला खर्च परिशिष्ट ९ मध्ये पाच ओळींत मांडायचा असतो : धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य आणि शेवटी इतर धर्मादाय उद्देश. नदी, डोंगर, जंगल यांना स्वतःची ओळ नाही. प्राप्तिकर कायद्याने २००९ साली पर्यावरणाच्या रक्षणाला धर्मादाय कामाच्या व्याख्येत नाव घेऊन जागा दिली, परिशिष्ट ९ मात्र होते तसेच राहिले. कोल्हापुरातली एखादी संस्था वर्षभर रोपवाटिका चालवते, टँकर लावते, ओढ्याच्या पाण्याचे नमुने तपासून घेते आणि हे सगळे शेवटी ‘इतर’च्या एका आकड्यात जाऊन बसते.

आम्हा काही मित्रांचा एक छोटा देणगी गट आहे. जिल्ह्यात पर्यावरणाचे काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला दरवर्षी आम्ही जमेल तेवढी रक्कम देतो. माझी नोकरी बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात गेली, म्हणून देण्याआधी संस्थेचे कागद पाहण्याचे काम माझ्याकडे आले. संस्थेने कागद दाखवायला का-कू केली, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करून, फी भरून नक्कल मिळते. चांगल्या संस्था मात्र स्वतःहून फाईल पुढे ठेवतात आणि चहा मागवतात.

मी आधी आकडे पाहत नाही. लेखापरीक्षकाच्या अहवालाला जोडलेली प्रश्नावली पाहतो. हातातली शिल्लक आणि व्हाउचर हिशेबाशी जुळतात का? संस्थेचा पैसा संस्थेबाहेरच्या कामाला गेला का? ५,००० रुपयांहून जास्त खर्चाच्या दुरुस्तीसाठी किंवा बांधकामासाठी निविदा मागवल्या का? एखादा विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का? या शेवटच्या प्रश्नापाशी मी थांबतो. विश्वस्ताने संस्थेकडून पैसे उचलले असतील, तर तिथेच फाईल मिटावी. पण कित्येक छोट्या संस्थांत उलटे असते. अनुदान मार्चअखेर येते, मजुरांचे पैसे दर शनिवारी द्यावे लागतात आणि मधला काळ अध्यक्ष स्वतःच्या खिशातून भागवतात. ताळेबंदात ते ‘विश्वस्तांकडून उसनवार’ म्हणून दिसते. अशी ओळ पाहून नाक मुरडण्याआधी तारखा लावून पाहाव्यात. पैसे कधी घेतले, कधी परत दिले, ठराव आहे का, एवढे जुळले की ती ओळ देणगीदारांच्या उशिराची साक्ष असते.

मग येतो पगार आणि मजुरी. आमच्या गटात दरवर्षी यावर वाद होतो. ‘आमचा एक रुपयाही पगारावर जात नाही’ असे छापणारी संस्था लोकांना फार आवडते. अमेरिकेत संस्थांची माहिती आणि मूल्यमापन लोकांपुढे ठेवणाऱ्या चॅरिटी नेव्हिगेटर, गाइडस्टार आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन मोठ्या संस्थांच्या प्रमुखांनी २०१३ साली देणगीदारांना एक खुले पत्र लिहिले होते. केवळ प्रशासकीय खर्चाच्या टक्केवारीवरून संस्थेची किंमत करू नका, असे त्यांचे म्हणणे होते. ही टक्केवारी लोकांसमोर वर्षानुवर्षे ठेवण्यात त्यांचाच मोठा वाटा होता, म्हणून त्या पत्राला वजन आहे. आमच्या डोंगरांवर तर ते शब्दशः खरे ठरते. झाडे लावण्याच्या संस्थेचे पगारपत्रक कोरे असेल, तर मे महिन्यात पाणी कोण घालतो हा प्रश्न विचारावाच लागतो.

त्याचे उत्तर कागदावर मिळत नाही, जागेवर जावे लागते. जिल्ह्याचा पश्चिम भाग म्हणजे गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी. तिथे पाऊस धो धो पडतो. पूर्वेकडे हातकणंगले-शिरोळच्या बाजूचे उघडे माळ आणि टेकड्या कोरड्या. मुरमात कसाबसा खणलेला खड्डा, वर फेब्रुवारीपासून वणव्याची भीती आणि चरायला येणारी जनावरे. संस्थेने दाखवलेल्या जागी मी जात नाही. लागवडीची यादी गट नंबरांसह मागतो, चिठ्ठ्या टाकून जागा निवडतो आणि मे महिन्याच्या उत्तरार्धात जातो. एका टेकडीवर रोजंदारीवर राखण करणारे मामा पहिल्याच भेटीत म्हणाले होते, “पावसात काय बघताय सायेब? तवा समदंच हिरवं दिसतंय. मे म्हैन्यात या की. कुठलं जगलंय, कुठलं न्हाई, तवा कळंल.”

ओळीने चालायचे आणि प्रत्येक दहावा खड्डा बघायचा. जिवंत, वाळलेले, की नुसताच खड्डा, एवढे वहीत टिपायचे. नोंदीप्रमाणे तीन वर्षांचे असलेले करंज किंवा जांभूळ बोटाएवढ्या बुंध्याचे असेल आणि आळ्यातली माती ताजी भुसभुशीत असेल, तर ते रोप बहुधा नंतर नव्याने लावलेले आहे. यात लबाडी असतेच असे नाही. मेलेल्या रोपाच्या जागी दुसरे लावावेच लागते, वनखात्यात त्याला गॅप फिलिंग म्हणतात. पण तोच खड्डा दरवर्षी ‘नवी लागवड’ म्हणून अहवालात चढत असेल, तर पाच वर्षांत एका टेकडीवर कागदोपत्री पाच टेकड्यांची झाडे उभी राहतात. म्हणून लागवडीचे आकडे मी जागेच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहतो. एका एकरात मावणार नाहीत इतकी रोपे कागदावर सहज मावतात.

हिशेब जगलेल्या झाडावर करायचा. समजा, एका संस्थेने रोपामागे १०० रुपये खर्च केले आणि दहातले एक जगले. तिचे झाड १,००० रुपयांना पडले. दुसरीने राखणदार, कुंपण, पाणी धरून रोपामागे ४०० खर्चले आणि दहातली आठ जगवली. तिचे झाड ५०० रुपयांना पडले. जाहिरातीत पहिली संस्था स्वस्त दिसते, डोंगरावर दुसरी. राज्य सरकारच्या वृक्षलागवड मोहिमेचे उद्दिष्ट २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचे होते. पुढे २०२१ साली तिच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. ‘किती लावली’ यावरच सगळा भर असला की ‘किती उरली’ हा प्रश्न उशिरा आणि भांडणातून येतो.

आणखी एक गोष्ट विचारायला लोक विसरतात : इथे झाड हवे होते का? पन्हाळ्याच्या बाजूला जांभ्याचे सडे आहेत. वर मातीचा पातळ थर, उन्हाळ्यात काळाठिक्कर कातळ आणि पावसात त्याच्यावर इवल्या फुलांचे ताटवे. अशा सड्यावर खड्डे खणून रोपे लावणारी संस्था हिशेबाने चोख असली तरी नुकसानच करते. ती जागा जाणणारा वनस्पतींचा अभ्यासक संस्थेच्या सल्लागारांत आहे का, हे मी विचारतो. त्याच्या मानधनाची ओळ खर्चात दिसली तर मला आनंद होतो.

नदीवर काम करणाऱ्या संस्थेला मात्र जगलेल्या झाडांची ही फूटपट्टी लावता येत नाही. पंचगंगेसाठी कोल्हापूरकरांनी गणेशमूर्ती आणि निर्माल्य दान करण्याची सवय अंगी बाणवली. मोठ्या संख्येने मूर्ती आता नदीऐवजी इराणी खण नावाच्या जुन्या खाणीत जातात, याचा मला अभिमान आहे. पण जमा झालेल्या मूर्तींची संख्या म्हणजे नदीची तब्येत नव्हे. विसर्जन वर्षातून काही दिवस, नाल्यांचे सांडपाणी बारा महिने. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. त्या सुमारास पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न जनहित याचिकेने उच्च न्यायालयात गेला. कसबा बावड्याचे रोज ७६ दशलक्ष लिटरचे आणि दुधाळीचे रोज १७ दशलक्ष लिटरचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र उभे राहिले. यात कार्यकर्ते, न्यायालय, वृत्तपत्रे, महापालिका या सगळ्यांचा हात आहे. कोणा एका संस्थेने अहवालात ‘आम्ही नदी वाचवली’ असे लिहिले असेल, तर मी तिला कमी गुण देतो. ‘आम्ही या नाल्याचे नमुने दर महिन्याला तपासले, हे निकाल, या तारखांना पत्रे दिली, एवढ्यांना उत्तर आले’ असे लिहिणाऱ्या संस्थेला जास्त.

या निकालांना मोजमाप आहे. आंघोळीच्या पाण्याला बीओडी (जैविक प्राणवायू मागणी) लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर नको आणि विरघळलेला प्राणवायू ५ मिलिग्रॅमच्या खाली नको, हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. नमुने तपासून पाठपुरावा करणाऱ्या संस्थेच्या खर्चात प्रवास, झेरॉक्स, प्रयोगशाळेची फी एवढेच दिसते. पाहणारा म्हणतो, काम कुठे आहे? काम त्याच पावत्यांत आहे. पाठपुरावा बंद पडला की नाला पुन्हा नदीत वाहू लागतो, म्हणून मी या पावत्या सलग आहेत का ते पाहतो.

या सगळ्यात संस्थांच्या अडचणीही खऱ्या आहेत. प्राप्तिकराची सवलत टिकवायला उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी कामावर लावावा लागतो. पुढच्या उन्हाळ्यासाठी जास्त रक्कम राखायची, तर कारण आणि मुदत लिहून वेगळा फॉर्म वेळेत भरावा लागतो. हे न जमणाऱ्या संस्था मार्चमध्ये घाईने पैसे संपवतात, दोन महिन्यांनी टँकरला पैसे नसतात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) निधीत सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत चालणाऱ्या प्रकल्पाला नियमानेच मुभा आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या ज्या उद्योगांना हा नियम लागू आहे, त्यांनी तिचा उपयोग करावा. जूनमधल्या फोटोपुरती मदत करून निघून जाऊ नये.

आणि तुम्ही-आम्ही सामान्य देणगीदारांनी एवढे करावे. पर्यावरण दिनाची वाट न पाहता देणगी उन्हाळ्याच्या तोंडावर द्यावी, रोख न देता बँकेतून द्यावी आणि सोबतच्या पत्रात स्पष्ट लिहावे : ‘ही रक्कम जुन्या लागवडीच्या पाण्यासाठी आणि राखणदाराच्या मजुरीसाठी आहे.’ मग मे महिन्यात एकदा त्या टेकडीवर जाऊन यावे.