आधी पाय बघा
बागेत फिरताना तळ्यात अनोळखी बदक दिसलं, की आपण त्याचे रंग बघत राहतो. खरं तर आधी पाय बघायला हवेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये मँडरिन बदक दिसलं. मूळचं पूर्व आशियातलं! बघायला ही गर्दी. पण त्याच्या पायात कडी होती. म्हणजे बहुधा कुणाकडून तरी सुटलेलं. नदीपलीकडे न्यू जर्सीतही ते दिसलं, तेव्हा पंख शाबूत होते. कडी संशोधकही घालतात, म्हणून पिसं कापलेली आहेत का, हेही बघायचं. धीटपणावर फार जाऊ नये. पाव खाऊन बागेतली सगळीच बदकं धीट होतात. पाळीव पक्षी जंगली म्हणून नोंदला गेला, तर स्थलांतराचा हिशेबच चुकतो. म्हणून वहीत नावापुढे आपण लिहायचं : 'पायात कडी'.