जीवरसायनशास्त्र : अभ्यास आणि व्यवसाय

छत्तीसगड आणि शेजारचा विदर्भ या भागांतील अनेक कुटुंबांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. या आजारात ऑक्सिजन कमी पडताच तांबड्या रक्तपेशी विळ्याप्रमाणे वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला तीव्र वेदना होतात. याचे कारण अतिशय सूक्ष्म असते. हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या एका साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. त्यांपैकी सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, आणि तेवढ्याने हा आजार उद्भवतो. हा रेणूतील दोषाचा आजार आहे, हे लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिले.

सजीवांच्या शरीरातील अशा रेणूंचा आणि त्यांच्यातील रासायनिक क्रियांचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे जीवरसायनशास्त्र होय.

रायपूर येथील पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाची स्थापना १९६४ साली झाली. तेथे या विषयातील एम.एस्सी. ही पदव्युत्तर पदवी घेता येते. हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, म्हणजे चार सत्रांचा असतो. त्यासाठी आधी विज्ञान शाखेची पदवी आवश्यक असते. प्रथिने, विकरे, चयापचय आणि आनुवंशिक द्रव्य हे यातील प्रमुख विषय होत. प्रयोगशाळेतील कामालाही तेवढेच महत्त्व असते. उदाहरणार्थ, विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने प्रथिने वेगळी करण्याच्या पद्धतीत सिकलसेलचे हिमोग्लोबिन सामान्य हिमोग्लोबिनपेक्षा हळू सरकते. त्यावरून रुग्ण आणि वाहक ओळखता येतात. पती-पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच अचूक तपासणीवर एका कुटुंबाचे पुढील निर्णय अवलंबून असतात.

ही पदवी मिळवणाऱ्यास रोगनिदान प्रयोगशाळा, औषधनिर्मिती कारखान्यांतील गुणवत्ता तपासणी, अन्नप्रक्रिया उद्योग आणि कृषी संशोधन या क्षेत्रांत काम मिळू शकते. संशोधनाची आवड असणारे नेट किंवा गेट परीक्षा देऊन पीएच.डी.कडे वळतात. महाविद्यालयात अध्यापन करण्यासाठी नेट, सेट किंवा पीएच.डी. यांपैकी एक पात्रता लागते. मात्र या पदवीने कोणी डॉक्टर होत नाही, आणि रुग्णालयातील काही पदांसाठी वेगळ्या पात्रतेची अट असते. म्हणून प्रवेशापूर्वी इच्छित पदाच्या अटी पाहणे हिताचे ठरते.

शिक्षणात खंड पडलेल्यांसाठीही हा मार्ग बंद नाही. मुक्त विद्यालयातून भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र घेऊन उच्च माध्यमिक परीक्षा उत्तीर्ण झालेला विद्यार्थी विज्ञान पदवीच्या प्रवेशासाठी अर्ज करू शकतो. पुढची वाटचाल मोठी असली तरी तिला निश्चित पायऱ्या आहेत.

भारत सरकारने २०२३ साली सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. हा आजार २०४७ पर्यंत सार्वजनिक आरोग्याची समस्या राहू नये, असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी गावोगावी रक्ततपासणी होत आहे, आणि प्रत्येक नमुन्यामागे प्रशिक्षित हातांची गरज आहे. दोन वर्षांचा हा अभ्यास असे हात घडवतो.