गदा फुटत का नाही?

मोररंगी मँटिस श्रिंप जेमतेम वीतभर. नावात श्रिंप असलं तरी ही कोळंबी नव्हे. शिंपले फोडायला तो पुढच्या पायाची गदा सेकंदाला २० मीटरच्या आसपास वेगाने हाणतो. शिंपला फुटतो, गदा शाबूत!

बाहेरचा थर आपल्या दातांतल्याच जातीच्या टणक खनिजाचा. खरी करामत आत. कायटिन तंतूंचे थर एकावर एक, पण प्रत्येक थर खालच्यापेक्षा किंचित वळवलेला, चक्री जिन्याच्या पायऱ्यांसारखा. तडे जातात, मात्र आरपार न जाता तंतूंबरोबर वळत जिरतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइडमधल्या डेव्हिड किसायलस यांच्या गटाने २०१२ मध्ये ही रचना उलगडली आणि पुढे कार्बन फायबरचे थर तसेच रचले. आघातानंतर त्यांवर पडलेले खड्डे नेहमीच्या रचनेपेक्षा उथळ निघाले.